सबथॅलॅमिक न्यूक्लियस: ३ टेस्ला की ७ टेस्ला?

मेंदूत खोलवर असलेले हे केंद्रक (चेतापेशींचा पुंज) म्हणजे पार्किन्सनच्या शस्त्रक्रियेत इलेक्ट्रोड बसवण्याची जागा. ते नीट दिसायला एमआरआयचे चुंबक किती ताकदीचे हवे, हा प्रश्न. केंद्रक जेमतेम सेंटिमीटरभर लांब, आणि सबस्टॅन्शिया नायग्रा हा दुसरा पेशीपुंज त्याला खालून चिकटलेला. दोन्हींत लोह भरपूर, म्हणून टी२-स्टार प्रतिमेत (लोह गडद दाखवणारा एमआरआयचा प्रकार) दोन्ही काळे. ३ टेस्लावर १ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेचा त्रिमितीय ठिपका) मधली सीमा बहुधा पुसली जाते. ७ टेस्लावर ०.५ मिमीपर्यंत उतरता येते. क्यूएसएम नकाशा (ऊतींची चुंबकीय ग्रहणशीलता मोजून काढलेला) काढला की दोघे वेगळे दिसतात.

पण तिथे रेडिओलहरींची वारंवारता सुमारे २९८ मेगाहर्ट्झ (३ टेस्लावर १२८). डोक्यात लहर आखूड होते, कानशिलांकडे व तळाशी सिग्नल घसरतो. कॅल्शियम टायटनेटच्या पिशव्या लावून थोडा सावरतो. शिवाय इतक्या बारीक व्हॉक्सेलला बिघडवायला किंचित हालचालही पुरते, आणि पार्किन्सनच्या रुग्णाला बहुधा कंप असतो! इलेक्ट्रोड आधीच बसवलेले असतील तर ७ टेस्लाचा नाद नको.

शस्त्रक्रियेच्या नियोजनाला ३ टेस्लावरचे नीट घेतलेले क्यूएसएम बहुतेकदा भागवते.