आंबोलीतला उन्हाळी मुक्काम: दोन मोसम राहिल्यावरचा अनुभव

वेंगुर्ला, मालवण, कुडाळ या पट्ट्यातल्या माणसाला मे महिन्यात घामाचा कंटाळा आला की पहिलं नाव आठवतं ते आंबोलीचं. सावंतवाडीपासून ३० किलोमीटर. घाटाच्या पायथ्याचं दाणोली सोडलं की चढ लागतो आणि तासाभरात अंगाला चिकटलेली हवा सुटते. आम्ही सात माणसं, त्यात दोन वयस्कर आणि तीन मुलं. एका रिसॉर्टची दोन खोल्या नि स्वयंपाकघर असलेली कॉटेज गेल्या वर्षी एप्रिल-मे आणि यंदा मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा अशी मोसमाच्या भाड्याने घेतली होती. खाली लिहिलंय ते या साधारण चार महिन्यांच्या वापरावरून. रिसॉर्टचं नाव देत नाही. इथले बहुतेक प्रश्न एका रिसॉर्टचे नाहीत, त्या डोंगराचे आहेत.

आधी थंडीचा हिशोब. आंबोलीची उंची साधारण ६९० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ निम्मी. दर १,००० मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं, तर किनाऱ्यापेक्षा इथे चार-साडेचार अंशांचाच फरक पडतो. दुपारी १२ ते ४ उन्हात उभं राहिलं तर इथेही तापतं. सुख आहे ते सावलीत, संध्याकाळच्या वाऱ्यात आणि रात्रीच्या झोपेत. पहाटे चादर ओढावी लागते, आणि वेंगुर्ल्याच्या मे महिन्यात ते स्वप्नातही होत नाही. पण हे सुख तुमच्या खोलीपर्यंत पोचतं की नाही, ते खोली कशी बांधलीय यावर ठरतं. दरीचं दृश्य दाखवून महाग दिलेली खोली रात्री भट्टी असू शकते.

रिसॉर्टवर सगळ्यात आधी डोक्यावर काय आहे ते बघावं. वर उघडा स्लॅब असेल आणि खोली वरच्या मजल्यावर असेल, तर दिवसभर खाल्लेलं ऊन तो रात्री ११ पर्यंत खाली सोडत राहतो. बाहेर गार वारा आणि आत गरम छत, अशी विचित्र अवस्था. पत्रा लवकर तापतो नि लवकर निवतोही, पण दुपारी आत बसवत नाही आणि वळवाचा पाऊस पडला की बोलणं ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं आणि त्याखाली लाकडी किंवा जिप्समचं छत, मध्ये हवेला जागा, ही रचना आमच्या मते सगळ्यात चांगली. खोली बघायला शक्यतो संध्याकाळी सात-आठला जावं आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावावा. भिंत कोमट लागली तर रात्री काय होणार ते तिथेच कळतं. सकाळी दहाला दाखवलेली प्रत्येक खोली गारच असते.

पश्चिमेकडून ऊन येतं तसाच समुद्राकडचा वाराही तिकडूनच चढतो. त्यामुळे पश्चिम पूर्ण बंद केलेली खोली कोंदट होते. पश्चिमेला खोल पडवी किंवा दाट झाड, आणि समोरासमोर दोन खिडक्या, हे जमलं तर पंख्याचीही गरज फारशी पडत नाही. खिडकीला जाळी मात्र हवीच. नुसते गज असले तर माकडं आत येतात आणि पहिला हात आंब्यांना घालतात.

आता पाणी. मुक्काम फसतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात पाणी कमी पडतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. कारण पायाखाली आहे. वरचा सडा, म्हणजे उघडं पठार, जांभ्या दगडाचा. जांभ्याच्या भेगांतून पाणी झिरपतं आणि उताराने निघून जातं, साठून राहत नाही. पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओहोळ एप्रिलअखेर नुसते दगड दाखवतात. झरे, विहिरी तळाला जातात आणि गर्दी नेमकी त्याच महिन्यात येते.

म्हणून खोली ठरवताना ‘पाणी चोवीस तास आहे का’ असं विचारू नये, त्याचं उत्तर सगळीकडे ‘हो’ असतं. टाकी किती लिटरची, ती किती खोल्यांना, आणि दिवसातून किती वेळा भरते, हे तीन प्रश्न विचारावेत. आमच्याकडे १,००० लिटरची एक टाकी चार खोल्यांत वाटलेली होती. खोलीमागे पाच माणसं धरली तर २० माणसांना माणशी ५० लिटर. बादलीने अंघोळ केली तर १५-२० लिटरमध्ये होते, जुन्या पद्धतीचा फ्लश एकदा ओढला की १० लिटर जातात, भांडी-कपडे वेगळे. म्हणजे ५० लिटरमध्ये कसाबसा दिवस निघतो. पण एका खोलीत कुणी शॉवर सुरू ठेवून दहा मिनिटं उभा राहिला की ८०-१०० लिटर एकट्याने संपवतो आणि शेजारच्यांचे नळ कोरडे पडतात. गेल्या मोसमात शनिवार-रविवारी हे वारंवार झालं. टँकर मागवला की पाणी येतं, पण ते तळाचा गाळ ढवळून, म्हणून टँकर आल्यावर तासभर पिण्याचं पाणी भरू नये.

आम्ही दुसऱ्या मोसमात २०० लिटरचा झाकणाचा पिंप न्हाणीघरात ठेवला आणि तो रोज सकाळी सहाला भरून घ्यायला लागलो. सहाला दाब चांगला असतो, आठनंतर सगळे उठतात. पिण्याचं पाणी गाळून उकळायचं आणि माठात ओतायचं. माठ पडवीत वाऱ्याच्या वाटेवर, खाली ओली वाळू. फ्रिजच्या पाण्याची कुणाला आठवण झाली नाही.

वीज हा दुसरा भाग. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी ढग भरून येतात, चारच्या सुमारास वळीव कोसळतो, कधी गाराही पडतात. झाडाची फांदी तारेवर आली की वीज जाते, ती कधी तासाने येते, कधी दुसऱ्या दिवशी. रिसॉर्टचा इन्व्हर्टर बहुधा दिवे आणि पंखे चालवतो, पंप चालवत नाही. वीज नसेल तर पाणीही नाही, हे लक्षात ठेवून पिंप भरलेला असावा. पाण्याच्या सौरहीटरचाही ढगाळ दिवशी भरवसा नाही. स्वयंपाकघरात गॅस असेल तर एक मोठं पातेलं बरोबर न्यावं, त्यातच सगळ्यांचं अंघोळीचं पाणी तापतं.

स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी असं आमचं ठाम मत. मुलं आणि म्हातारी माणसं आठवडाभर हॉटेलचं जेवण पेलत नाहीत. उकडे तांदूळ, कुळथाची पिठी, आमसुलं, सुकं खोबरं आणि दहा नारळ खालून नेले की निम्मा प्रश्न सुटतो. सकाळी पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा लोणचं. मात्र सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावी, नाहीतर रात्री मांजरं नि कोल्हे दाराशी येतात. ताजी मासळी न्यायची असेल तर साफ करून, मीठ-हळद लावून, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा थर, मासळी, पुन्हा बर्फ अशी रचावी आणि वितळलेलं पाणी काढून टाकावं. त्या पाण्यात पडून राहिलेला तुकडा पिचपिचीत होतो. हापूस अर्धापिका न्यावा. वर रात्री गार असल्याने तो खालच्यापेक्षा दोन-तीन दिवस उशिरा पिकतो. पेंढ्यात ठेवून वर गोणपाट टाकावा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर साल काळवंडते आणि तो पिकतच नाही.

घाटात चढताना गाडीची काळजी घेतो तितकी उतरताना घेत नाही, ही नेहमीची चूक. चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करावा, थांबायचं झालं तर रुंद जागी थांबून इंजिन संथ चालू ठेवावं आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं. सतत पाय ब्रेकवर ठेवला की पॅड तापून पकड सोडतात, जळका वास येतो. तसा वास आला तर थांबून १५-२० मिनिटं निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणारे लोक दर रविवारी दिसतात, त्याने डिस्क वाकते. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. मुलांना घाट लागत असेल तर निघण्याआधी पोटभर पोहे-मिसळ नको, थोडी पेज पुरे. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी दाणोलीला नव्हे, घरून निघतानाच. मोबाईल हातात नको. पेट्रोल आणि रोख रक्कम सावंतवाडीतच घ्यावी, वर नेटवर्क गेलं की मोबाईलने पैसे देता येत नाहीत.

संध्याकाळनंतर घाटात शक्यतो गाडी काढू नये. वळीव पडून गेल्यावर दरीतून धुकं चढतं आणि दहा पावलांपुढचं दिसत नाही. त्यात रस्त्यावर गवे येतात. गवा दिसला की हॉर्न न वाजवता, प्रखर दिवे कमी करून, तो जाईपर्यंत थांबायचं.

एक गोष्ट रिसॉर्टवर कुणी आपणहून सांगत नाही, पण माहीत हवी: माकडताप. २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे सावंतवाडीच्या काही भागांत त्याचे रुग्ण सापडले आहेत, आणि त्याचा काळ डिसेंबर-जानेवारी ते मे असा, म्हणजे सुट्टीवरच येतो. तो गोचीड चावल्याने होतो. त्यामुळे करवंदं काढायला मुलं जाळीत शिरणार असतील तर पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यात खोचलेली पँट, आणि परत आल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट बघून गरम पाण्याने अंघोळ. पाचोळ्यावर बसू नये. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं. घरी परतल्यावर आठवडाभरात जोराचा ताप, डोकं आणि अंग दुखलं तर जंगलात फिरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

बघायला काय, तर उन्हाळ्यात धबधब्याची अपेक्षा ठेवू नये. घाटातल्या मोठ्या धबधब्याच्या जागी काळ्या कातळावर ओलसर पट्टा असतो. नांगरतासच्या धबधब्यालाही धार नसते. कावळेसाद आणि महादेवगड या दरी बघायच्या जागा संध्याकाळी पाचनंतर. मेमध्ये दरी धुरकट असते, पण वळीव पडून गेलेल्या दुसऱ्या सकाळी खालचं कोकण लखलखीत दिसतं. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर झोप मोडून जावं. कड्यावर मुलांचा हात सोडू नये, वारा अचानक उचल खातो. हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात पाणी उन्हाळ्यातही असतं. तिथल्याच पाण्यातून २०२० मध्ये एका नव्या माशाची नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. त्या कुंडात साबण, शॅम्पू किंवा निर्माल्य टाकणाऱ्यांना हटकायला हवं, आपणही पाय धुवायला बाजूच्या ओहोळात जावं.

मुक्काम करायचाच तर एप्रिलचा दुसरा आठवडा ते मेची सुरुवात आमच्या मते उत्तम: पाणी बरं, वळीव कमी, शनिवार-रविवार सोडले तर गर्दीही कमी. पुढच्या मोसमासाठी हीच कॉटेज पुन्हा घ्यायची ठरलीय, कौलं आणि पडवी चांगली आहे म्हणून. मालकाने आमच्यासाठी ५०० लिटरची वेगळी टाकी बसवून देण्याचं कबूल केलंय. आगाऊ रक्कम ती टाकी बसल्यावर, तिचा नळ उघडून बघूनच द्यायची.