टाळूचं ऑपरेशन: तिकडे झालेलं बरं की घरी आल्यावर?

दुभंगलेल्या ओठ-टाळूचं मूल परदेशातून दत्तक घ्यायचं ठरलं की समोर येणाऱ्या फायली साधारण दोन तऱ्हेच्या असतात. एकीत दोन्ही ऑपरेशनं तिकडेच झालेली, दुसरीत ओठ शिवलेला पण टाळू उघडीच.

पहिली सोपी वाटते, आणि काही अंशी आहेही. टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान मिटवतात, म्हणजे बोलताना हवा नाकातून सोडायची सवय लागत नाही. दत्तकाच्या कागदपत्रांना लागणारा वेळ पाहता हा मुद्दा हलका नाही.

घोडं अडतं ते नोंदींवर. परदेशी दत्तकाबाबतच्या १९९३च्या हेग कराराच्या कलम १६ प्रमाणे मुलाच्या वैद्यकीय इतिहासाचा अहवाल येतो, पण बरेचदा त्यात ‘टाळू शिवली, प्रकृती चांगली’ एवढंच. मऊ टाळूतले स्नायू सोडवून मागे जोडले की नुसतं अस्तर ओढून शिवलं? टाके उसवले होते का? पत्ता नाही. ऑपरेशननंतर टाळूत भोक राहिलं असेल तर ते जुन्या व्रणातूनच बुजवावं लागतं. व्रणाला रक्त कमी, म्हणून पुन्हा उसवायची भीती जास्त. त्यापेक्षा हात न लागलेली टाळू सर्जनला बरी.

टाळू शिवलेल्या फाइलला मान मागे टाकून, तोंड उघडून, टॉर्चच्या उजेडात काढलेला फोटो मागवा. भोक बहुधा कठीण आणि मऊ टाळूच्या सांध्यावर किंवा पुढच्या दातांमागे दिसतं. मूल बोलत असेल तर नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पापा’ म्हणतानाचा व्हिडिओही. आरसा धुरकटला तर हवा नाकातून सुटतेय. श्वासानेही तो धुरकटतो, म्हणून शब्दापुरताच धरायचा.

उघड्या टाळूचा जाच निराळा. आल्या आल्या ऑपरेशनची घाई नको; आधी हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस, क्षय, जंत तपासा, मूल कुशीत रुळू द्या. ऑपरेशननंतर दोनेक आठवडे कोपर वाकू नये म्हणून हातांना पट्ट्या, स्ट्रॉ बंद, खाणं मऊ. नव्या माणसांकडून हे सगळं सोसणं लेकराला जडच जातं. वय वाढलेलं असेल तर स्पीच थेरपीही लांबते. कानात पाणी साचणं दोन्हीकडे असतं, पण इथे त्याच भुलीत कानात नळ्या बसवता येतात.

तरी मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर माझा कल उघड्या टाळूकडे. हे गणित हृदयाच्या दोषाला मात्र लावू नये: हृदयातलं मोठं छिद्र तसंच राहिलं तर फुफ्फुसांतला रक्तदाब कायमचा चढून बसतो, तिथे तिकडेच झालेलं ऑपरेशन सोन्यासारखं.

आणि पहिल्या तऱ्हेचीच फाइल घ्यायची असेल, तर सर्जनची ऑपरेशन नोट पहिल्याच दिवशी मागा. होकार कळवायची मुदत तोकडी असते.