दोन बाजूंचा स्टेथो की एका बाजूचा ट्यूनेबल? मेडिसिन किंवा चेस्टला जाणाऱ्यांसाठी

इंटर्नशिप संपत आली की ज्युनियर्सचा हा प्रश्न येतोच. आता एक नीट स्टेथो (स्टेथोस्कोप) घ्यायचाय, तर बेल (खोलगट वाटी, खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी) आणि डायफ्राम (सपाट पडदा, वरच्या पट्टीतल्या आवाजांसाठी) वेगवेगळे असलेला जुन्या पद्धतीचा घ्यावा की एकाच बाजूचा, दाब कमीजास्त करून (अलगद टेकवला की बेल, दाबला की डायफ्राम) दोन्ही ऐकवणारा ट्यूनेबल? मी दोन्ही वापरलेत. रेसिडेन्सीत गळ्यात ट्यूनेबल होता, तो अजून चांगला आहे आणि लागतोही अधूनमधून, पण रोज हातात असतो तो दोन बाजूंचा. वजन, नळीची लांबी, रंग यावर मी काही लिहीत नाही, ते दुकानात हातात घेतलं की कळतं.

आधी ट्यूनेबलची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. गर्दीची ओपीडी असेल, समोर रांग लागलेली असेल, तर छातीवर टेकवायचा चेस्टपीस फिरवा, कुठली बाजू उघडी आहे ते टिचकी मारून बघा, हे सगळं वाचतं. झोपून असलेल्या पेशंटला कुशीवर वळवता येत नाही तेव्हा पाठीखाली हात सरकवून बेसल क्रेप्स (फुफ्फुसाच्या तळाकडचे बारीक करकर आवाज) ऐकायच्या असतात, तिथे चपटा एका बाजूचा चेस्टपीस सहज जातो, आणि दोन बाजूंचा जाड असतो तो गादीत आणि चादरीत अडकतो. आजीबाई शाल, स्वेटर, पदर सगळं गुंडाळून बसलेल्या असतात तिथेही तसंच. न्यूमोनिया, दमा, सीओपीडी (श्वासनळ्यांचा जुनाट आजार), एअर एंट्री म्हणजे हवा आत जाणं दोन्हीकडे सारखं आहे का, एवढंच मुख्य काम असेल तर फरक पडतो असं मला तरी वाटत नाही, छातीतले बरेचसे आवाज घट्ट दाबलेल्या डायफ्रामने छान येतात आणि ते काम दोघंही करतात.

खरा फरक पडतो हृदयाच्या खालच्या पट्टीतल्या आवाजांत. थर्ड साउंड, फोर्थ साउंड (नेहमीच्या दोन आवाजांखेरीजचे जादा आवाज), आणि मायट्रल स्टेनोसिसचा (मायट्रल झडप अरुंद झाल्याचा) तो घुमणारा मिड-डायस्टोलिक मर्मर, म्हणजेच रम्बल. आपल्याकडे रुमॅटिक हार्ट डिसीज (रुमॅटिक फिव्हरने झडपा खराब होणं) अजून संपलेला नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी पाचव्या-सहाव्या महिन्यात दम लागतो म्हणून आलेली मुलगी ही मायट्रल स्टेनोसिसची पहिलीच भेट असू शकते, कारण गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, ठोके वाढतात आणि तोवर गप्प असलेली झडप बोलायला लागते. नाडी १२० असताना डायस्टोल (हृदय सैल होऊन भरण्याचा काळ) आधीच आखडलेला असतो, त्यात तो हलका आवाज शोधायचा. डावीकडे कुशीवर वळवायचं, एपेक्स (हृदयाचं टोक जिथे धडकतं ती जागा) बोटाने शोधायचा, बेल अगदी अलगद टेकवायची आणि श्वास सोडल्यावर ऐकायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. ट्यूनेबलवाले म्हणतात आम्ही पण अलगदच टेकवतो, तेच ऐकू येतं. शांत खोलीत, शांत पेशंटवर येतंही.

पण माझी अडचण नेमकी इथेच झाली आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. हार्ट-लंगचा पेशंट शांत नसतो, त्याला दम लागलेला असतो, छाती जोरात वरखाली होत असते. मी कॉटच्या उजवीकडून वाकून हात लांब करून चेस्टपीस धरलाय, पेशंट श्वास आत घेतो तेव्हा छाती वर येऊन डायफ्रामवर दाबली जाते आणि सोडतो तेव्हा दाब कमी होतो. म्हणजे माझा हात स्थिर असला तरी प्रत्येक श्वासागणिक स्टेथो आपोआप बेलचा डायफ्राम आणि डायफ्रामची बेल होत राहतो. आता आपण तर श्वासाबरोबर आवाज कसा बदलतो तेच बघत असतो ना! हृदयाच्या डाव्या बाजूचे मर्मर श्वास सोडताना वाढतात, उजव्या बाजूचे घेताना वाढतात, ट्रायकस्पिड झडपेच्या रिगर्जिटेशनची (गळतीची) कार्व्हालो साइन, म्हणजे श्वास घेताना मर्मर वाढणं, तर संपूर्ण याच्यावरच उभी आहे. मग रम्बल श्वास सोडताना वाढला तो पेशंटच्या हृदयामुळे की माझ्या हाताखालचा दाब कमी झाला म्हणून, हे मला ठामपणे सांगता येईना. राउंडला सर विचारायचे, वाढला ना नक्की? आणि त्या 'नक्की'ला उत्तर देताना मला मोकळं वाटत नसे. पेशंटच्या अंगात काय बदलतंय ते ऐकायचं असेल तर निदान माझ्या हातातली वस्तू तरी बदलता कामा नये, एवढंच माझं म्हणणं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बेलही घट्ट दाबली की खालची कातडी ताणून तिचाच पडदा होतो आणि खालचा आवाज जातो. पण बेलची कड गोल आणि ठळक असते, जास्त दाब आला की बोटांना जाणवतं आणि उचलल्यावर कातडीवर वळ दिसतो. ट्यूनेबलमध्ये मला तसा अंदाज कधी आला नाही. काहींना येत असेल, माझे एक सीनियर वर्षानुवर्षं ट्यूनेबलच वापरतात आणि त्यांचे फाइंडिंग्ज इकोशी (हृदयाच्या सोनोग्राफीशी) जुळतात, त्यामुळे हा हाताचा आणि सवयीचा भागही आहे हे मान्य.

दुसरा मुद्दा फुफ्फुसाचा, आणि तो टीबी बघणाऱ्यांना जास्त पटेल. पेशंट सुकलेला असतो, बरगड्या मोजता येतात, कॉलरबोनच्या वर खोल खळगा पडलेला असतो आणि आपल्याला फुफ्फुसाचा वरचा टोकाचा भाग तर तिथेच ऐकायचाय. मोठा सपाट डायफ्राम त्या खळग्यावर पूल बांधल्यासारखा बसतो, खाली हवा राहते, आणि वॉर्डातला पंखा, ट्रॉली, नातेवाइकांचं बोलणं सगळं कानात येतं. लहान बेल आत नीट बसते, कडेने सील होतं, मग तिथला ब्राँकियल ब्रीदिंग (श्वासनळीवर ऐकू येतो तसा कर्कश श्वास) असो की खोकून झाल्यावर येणाऱ्या क्रेप्स असोत, निदान ऐकू तरी येतात. ब्रीद साउंड्सना डायफ्राम हा नियम बरोबरच आहे, या जागेपुरता तो बाजूला ठेवावा लागतो. लहान मुलांच्या छातीवरही तीच गोष्ट.

इको आहे की आता, असं कोणी म्हणेल. आहे, आणि झडपेचा निकाल इकोच देणार. पण इको मशीन जिल्ह्याला आणि पेशंट तुमच्यासमोर, कोणाला एसटीने तिकडे पाठवायचं हे ठरवायला हातात आधी जेव्हीपी (मानेच्या शिरेतला दाब), एपेक्स बीट आणि स्टेथोच असतो. इलेक्ट्रॉनिक स्टेथोबद्दल एवढंच, ऐकायला कमी येत असेल तर जरूर घ्या, बाकीच्यांना कपड्याचा आणि बोटांचा घासण्याचा आवाजही मोठा होऊन येतो तो खपवून घ्यावा लागेल.

मग घ्यावा कुठला? सर्जरी, ऑर्थो, ॲनेस्थेशिया किंवा बिझी जनरल प्रॅक्टिस असेल तर ट्यूनेबल घ्या, सोपा पडेल. मेडिसिन, कार्डिओ, चेस्ट, पेडियाट्रिक्स असेल तर मी दोन बाजूंचाच घ्या म्हणेन. मधला मार्गही आहे, काही दोन बाजूंच्या मॉडेल्सना दोन्हीकडे ट्यूनेबल डायफ्राम येतो, पण लहान बाजूचा काढून बरोबर आलेली रबराची रिंग बसवली की ती उघडी बेल होते. ही सोय आहे का ते पाकिटावर बघून घ्या, बरेच जण तो रबर डब्यातच ठेवून देतात.

आणि विकत घेण्याआधी मित्राकडून दोन्ही मागून आणा. वॉर्डात मायट्रल स्टेनोसिसचा पेशंट असेल तर त्याची परवानगी घेऊन, कुशीवर वळवून, आधी बेलने ऐका. अलगद, मग दाबून, मग परत अलगद, रम्बल जातो आणि येतो ते नीट कळेल. मग तिथेच ट्यूनेबल ठेवा आणि पेशंटला तोंडाने मोठा श्वास घ्या, सोडा म्हणा. तुम्हाला दोन्ही वेळा तेवढीच खात्री वाटली तर माझं ऐकू नका, जो हलका वाटेल तो घ्या.