पॉवरबोट लेव्हल २ कोर्स, साउथहॅम्प्टन: पैसे वसूल, फक्त डबा घरून न्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कोर्सचा आहे, शाळेचा नाही. आरवायए म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशनचा हा मोटरबोट चालवायला शिकवणारा कोर्स इकडे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्बल, साउथहॅम्प्टन, पोर्ट्समथ कुठेही करा, सिलॅबस एकच, दोन दिवस, एका बोटीवर एका शिकवणाऱ्यामागे जास्तीत जास्त तीन जण. मी ज्यांच्याकडे केला त्यांच्याबद्दल दोनतीन तक्रारी आहेत त्या खाली लिहिल्यात म्हणून नाव टाकत नाही, उगाच कुणाचं दुकान कशाला बसवा.

पार्श्वभूमी अशी की दोन वर्षांपूर्वी नवरा आणि त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी मिळून एक सेकंडहँड बोट घेतली. साडेपाच मीटरची, मागे ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. आणि मला तेव्हा कळलं की या देशात समुद्रात स्वतःच्या मजेसाठी असली बोट चालवायला कसलंही लायसन्स लागत नाही! घरात टीव्ही बघायला लायसन्स लागतं, पण सात जणांना बसवून चारशे मीटर लांबीच्या कंटेनर जहाजांच्या मधून बोट हाकायला काही लागत नाही. चावी फिरवा आणि निघा. आम्ही तेच केलं.

मी मूळची अलिबागची, त्यामुळे पाण्याची अक्कल जन्मजात आहे असा माझा समज होता. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं आणि पाणी भरायच्या आत परत यायचं हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. सहा तास भरती, सहा तास ओहोटी, यात शिकायचंय काय? तर गेल्या ऑगस्टमध्ये उधाणाच्या दिवशी भर दुपारच्या भरतीला आम्ही अ‍ॅशलेट क्रीकमध्ये गेलो, फॉलीजवळची छोटी खाडी आहे, सुंदर जागा. बोट बांधली, जेवलो, पोरं खेळत होती. दीडदोन तास झाले तरी पाणी हललंच नाही. मी सगळ्यांना ठामपणे सांगितलं, अजून भरपूर वेळ आहे, आत्ता कुठे ओहोटी लागेल, मग सावकाश सहा तास. साडेतीनला बघतो तर बोट चिखलात एका कुशीवर झोपलेली आणि खाडीच्या जागी नुसता रबडा. पुढची भरती मध्यरात्री, रात्री नऊच्या आत बोट तरंगायचं नाव नाही. तीन तास वाट बघून पोरांना घेऊन टॅक्सीने घरी आलो, दुसऱ्या दिवशी जाऊन बोट आणली. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी पाच मिनिटं हसली आणि मग म्हणाली, अगं अलिबागचं नाव घालवलंस.

या भरतीचं कोडं मला कोर्सच्या पहिल्याच दुपारी सुटलं. साउथहॅम्प्टनला भरती दोनदा लागते. पाणी चढतं, थांबतं, किंचित उतरल्यासारखं करतं, परत चढतं, म्हणजे जवळपास दोन तास वरच रेंगाळतं, आणि मग राहिलेल्या पावणेचार तासांत सगळं पाणी धबाधबा उतरतं. इकडचे लोक सांगतात की समोरच्या आयल ऑफ वाइट बेटाच्या दोन्ही टोकांनी पाणी आत येतं म्हणून असं होतं, मला शेजारणीनेही तेच सांगितलेलं, पण आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की ती दंतकथा आहे, खरं कारण इंग्लिश चॅनेलचा आकार आणि उथळपणा. दर तासाला किती पाणी उतरतं त्याचा एक हिशोब असतो, उतरणाऱ्या सगळ्या पाण्याचे बारा हिस्से धरायचे, पहिल्या तासाला एक हिस्सा, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. अलिबागला हा हिशोब साधारण बसतो, इथे लावलात की माझ्यासारखे चिखलात बसता. इथे त्या बंदराचा भरतीचा आलेखच बघावा लागतो. हे एवढं एक वाक्य ऑगस्टमध्ये माहीत असतं तर टॅक्सीचे पैसे वाचले असते.

असो. कोर्सची फी मला तीनशे पौंडांच्या आसपास पडली. नवऱ्याला म्हटलं दोघं करू, तर तो म्हणाला मला येतं की चालवता. (हे वाक्य लक्षात ठेवा.) मग मी एकटीच गेले, एप्रिलच्या शेवटच्या वीकेंडला. पाणी दहाएक डिग्री, वारा चांगलाच, आणि माझ्याबरोबर एक कॉलेजातला मुलगा आणि एक रिटायर्ड गृहस्थ. शिकवणाऱ्या बाई साठीच्या असतील, आवाज एकदम आमच्या पीटीच्या बाईंसारखा. बोट म्हणजे रिब, दोन्ही बाजूंना हवेचे जाड ट्यूब असतात ती, आणि शिकायला तीच बरी, कारण धडकली तरी चालते, आणि आम्ही धडकलोच.

मला वाटलेलं दोन दिवस सुसाट पळवायला मिळेल. पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आम्ही बहुधा चालण्याच्या वेगापेक्षा जास्त गेलोच नाही. धक्क्याला लागायचं, सुटायचं, परत लागायचं. बाईंचं म्हणणं, वेगात जायला कुणालाही येतं, थांबता येतं का ते दाखव. आणि खरंच नाही येत हो! बोटीला ब्रेक नाही, खाली रस्ता नाही, आणि ती गाडीसारखी पुढून वळत नाही, मागून ढकलली जाते, म्हणजे तुम्ही नाळ, बोटीचं पुढचं टोक, डावीकडे नेलीत की शेपूट उजवीकडे झाडू मारल्यासारखी फिरते आणि शेजारच्याच्या चकचकीत यॉटला जाऊन लागते. तर आधी स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं, मग गिअर टाकायचा, एक क्षण ढकलायचं, लगेच न्यूट्रल. परत स्टिअरिंग, परत गिअर. आम्ही वर्षभर याच्या उलट करत होतो, आधी गॅस द्यायचा आणि मग घाबरून स्टिअरिंग फिरवायचं. धक्क्याजवळ जाताना वारा आणि प्रवाह यात जोर कुणाचा ते बघायचं आणि जो जोरात त्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे तोच तुमचा ब्रेक होतो. हे मला आठव्यानवव्या प्रयत्नाला जमलं तेव्हा बोट धक्क्याला अशी अलगद टेकली की तो कॉलेजातला मुलगा टाळ्या वाजवायला लागला. आमच्या गावी शेजारचे तांडेलकाका भरलेली होडी जेट्टीला असंच लावायचे, एका हातात विडी, आणि आम्हाला वाटायचं त्यात काय विशेष.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी म्हणेन की बोट असेल तर हा कोर्स कराच. ती लाल दोरी. किल कॉर्ड म्हणतात, जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची, एक टोक इंजिनच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या पायाला गुडघ्याच्या वर. चालवणारा फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. आमच्या बोटीत ती होती, वर्षभर स्टिअरिंगच्या खोबणीला गुंडाळून ठेवलेली, कारण "पायात येते".

बाईंनी पॅडस्टोचं सांगितलं. मे २०१३, कॉर्नवॉलमधली कॅमल नदीची खाडी, एक कुटुंब स्वतःच्या आठ मीटरच्या रिबवर. एका वळणात सगळेच्या सगळे सहाजण पाण्यात फेकले गेले आणि दोरी कुणालाच बांधलेली नव्हती, त्यामुळे रिकामी बोट पूर्ण वेगात गोल गोल फिरत त्यांच्याच अंगावरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, बाकीचे जखमी. बाईंनी एवढंच सांगितलं, आवाज न चढवता, आणि मग आम्हाला प्रत्येकाला दोरी बांधून, ओढून, इंजिन खरंच बंद पडतं का ते करून दाखवायला लावलं. रोज निघायच्या आधी हे करायचं. चालवणारा बदलायचा असेल तर आधी इंजिन बंद, मग दोरीची अदलाबदल, मग परत चालू. आणि जास्तीची एक दोरी कुठे आहे ते बोटीतल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, कारण चालवणारा दोरीसकट पाण्यात गेला तर उरलेल्यांनी त्याला आणायला जायचं कसं? हा विचार मला जन्मात सुचला नसता. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि वळणावर त्याला मुद्दाम उडवायचं ही आमची मजा होती, पुढे काय लिहू.

दुसऱ्या दिवशी माणूस पाण्यात पडल्यावरचा सराव, म्हणजे वजन बांधलेला एक फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या बाजूला लटकवतात तो फुगा) न सांगता पाण्यात टाकायचा आणि ओरडायचं. एकाने फक्त बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, कारण लाटांत डोकं नारळाएवढंही दिसत नाही. जवळ जायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, हळू, आणि माणूस बोटीच्या बाजूला आला की इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. मी पहिल्या खेपेला फेंडरवरूनच गेले. बाई म्हणाल्या, छान, मारलास त्याला, परत कर. लाइफ जॅकेटचंही तसंच, आमच्याकडे आपोआप फुगणारी १५० न्यूटनची महागाची जॅकेटं आहेत पण आतला गॅसचा सिलिंडर घट्ट बसवलाय का हे कधी उघडून बघितलं नव्हतं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा कुणी लावतच नव्हतं, तो नसेल तर जॅकेट फुगून वर जातं आणि माणूस खाली सरकतो. घरी येऊन सगळी उघडली, एकाचा सिलिंडर अर्धा सैल निघाला.

जहाजांचा नियमही इथलाच खास आहे. सोलंट, म्हणजे किनारा आणि आयल ऑफ वाइट यांच्यामधला समुद्र, त्याच्या मधल्या पट्ट्यात १५० मीटरहून मोठं जहाज येत असेल तर त्याच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर ही जागा त्याची, तुम्ही तिथे असायचंच नाही, आणि ती जागा जहाजाबरोबर सरकते. मागच्या वर्षी आम्ही अशाच एका क्रूझ शिपसमोर फोटो काढायला थांबलेलो. तिने पाच भोंगे दिले, आम्हाला वाटलं हॅलो म्हणतायत, पोरांनी हात हलवले. पाच छोटे भोंगे म्हणजे "तुमचा इरादा काय आहे, मला कळत नाहीये". तिथेच ब्रॅम्बल बँक म्हणून वाळूचा उथळा आहे, मोठ्या उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो आणि वर्षातून एकदा दोन यॉट क्लबची माणसं तिथे क्रिकेटची मॅच खेळतात, पाणी परत यायच्या आत! हे ऐकून मला इंग्रजांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

आता तक्रारी. एक, ड्राय सूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख. माझ्या उंचीचा नव्हता, पाच फूट एक इंचाची बाई त्यांच्या हिशोबात नसावी, मानेशी सैल राहिला आणि दोन्ही दिवस आतून ओली झाले. बुकिंग करताना उंची विचारून घेतलेली, मग घेतली कशाला? दोन, वेबसाइटवर लिहिलेलं खायची सोय आहे, ती सोय म्हणजे चिप्सचं मशीन. तीन, आणि ही खरी, नकाशा आणि भरतीचे तक्ते हा भाग पहिल्या दुपारी दीड तासात उरकला. मी चिखलात बसलेली असल्याने मला डोक्यात गेलं, पण त्या रिटायर्ड काकांना नाही कळलं आणि त्यांनी संकोचाने विचारलंही नाही. ट्रेलरवरून बोट उतरवणं एकदाच दाखवलं. रेडिओचा कोर्स वेगळा, त्याची फी वेगळी, हे आधी माहीत असू द्या. रात्री चालवणंही यात नाही.

परीक्षा नसते, दोन दिवस बघूनच ठरवतात, आणि सर्टिफिकेटला मुदत नाही. त्यावर आयसीसी म्हणून एक आंतरराष्ट्रीय कार्ड काढता येतं, १० मीटरपर्यंतच्या मोटरबोटीसाठी, ते पाच वर्षं चालतं, युरोपात बोट भाड्याने घ्यायची तर बऱ्याच ठिकाणी तेच मागतात.

डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली तेव्हा आईचा फोन आला होता, तुमची ती बोट विकून टाका म्हणून. तेव्हा मी तिला म्हटलेलं, अगं आम्ही कुठे एवढ्या वेगात जातो. आता तेच वाक्य आठवलं की लाज वाटते. बोट विकलेली नाही, पण कोर्सनंतरच्या पहिल्याच रविवारी नवरा सवयीने चावी फिरवायला गेला आणि मी लाल दोरी त्याच्यासमोर धरली. पायात येते म्हणाला. मग मी मरीनातून बाहेर पडून बोट परत धक्क्याला लावून दाखवली, एका हाताने, न टेकवल्यासारखी. तो काही बोलला नाही. संध्याकाळी बघते तर साहेबांनी जूनच्या दुसऱ्या वीकेंडचं बुकिंग केलेलं, त्याच शाळेत, त्याच बाईंकडे.

उंची बरोबर लिही म्हणून सांगितलंय आणि डबा मी देणार नाहीये, चिप्सचं मशीन आहे तिथे.