केसांच्या गोळ्या: डबीच्या पुढे काय छापलंय आणि मागे काय भरलंय

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये जाऊन "केस लई गळायलेत, काय चांगलं आहे का ओ?" असं विचारा. काउंटरवरचा मुलगा पहिली डबी काढतो ती बायोटिनची. मग गमीची बरणी, मग 'डीएचटी ब्लॉकर' (डीएचटी म्हणजे टक्कल पाडणारं हार्मोन) लिहिलेली काळी-सोनेरी बाटली. साधी मल्टिव्हिटॅमिनची स्ट्रिप सगळ्यात शेवटी, तीही आपण मागितली तर. स्वस्त मालाची शिफारस कोण करणार? या चारही प्रकारांच्या मागच्या बाजूचं हे परीक्षण. ब्रँडची नावं घेतलेली नाहीत, कारण एका प्रकारातल्या डब्यांत आतला माल बराचसा सारखाच असतो.

सुरुवात बायोटिन या बी गटातल्या व्हिटॅमिनपासून, कारण खप त्याचाच. पुढे 10,000 असा ठसठशीत आकडा असतो. तो मायक्रोग्रॅमचा, म्हणजे 10 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला पुरेशी धरलेली मात्रा 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे गोळीत तीनशे पटीहून जास्त. बायोटिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. खरी कमतरता असेल तर केस गळतात आणि बायोटिनने परत येतात, यात वाद नाही. पण ही कमतरता दुर्मीळ. अंडी, शेंगदाणे, दूध, डाळी खाणाऱ्या घरात ती सहसा सापडत नाही. कोल्हापुरात कुणी विचार करावा तर तालमीतल्या पोरांनी: कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला धरून ठेवतं आणि आतड्यातून शोषू देत नाही. रोज बरीच कच्ची अंडी, तीही महिनोन्महिने पोटात गेली तरच हे घडतं. अंडी उकडून खाल्ली की ॲव्हिडिन निकामी होतं. डबीपेक्षा उकळतं पाणी स्वस्त.

बायोटिनचा खरा धोका वेगळाच आहे. ते रक्ताच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करतं. अनेक लॅबच्या यंत्रांत थायरॉइड आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) मोजताना बायोटिनवर आधारलेली पद्धत वापरतात. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-3 आणि टी-4 खोटे वाढलेले दिसतात, आणि नसलेला हायपरथायरॉइड कागदावर उमटतो. ट्रोपोनिन खोटं कमी आलं तर हार्ट अटॅक नजरेतून सुटू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायला जाणाऱ्या बाईच्या पर्समध्ये नेमकी हीच डबी असते. गोळी निदान दोन दिवस आधी थांबवा आणि रक्त देताना लॅबवाल्याला तसं सांगा. तो विचारेलच असं नाही.

आता लोह. केसांच्या बाबतीत सगळ्यात जास्त कामाला येणारा घटक हा, आणि महागड्या डब्यांत तोच नसतो किंवा नावाला असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह संपलेलं असू शकतं, म्हणून सीबीसीबरोबर फेरिटिन करून घ्या. 30 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली आलं तर साठा रिकामा होत चालला आहे. केसांसाठी बरेच त्वचारोगतज्ज्ञ 40 च्या वर बघतात. ताप किंवा सूज असताना फेरिटिन वाढून येतं, तेव्हा आजारपण संपल्यावरच तपासा.

लोहाच्या गोळीत लोहाच्या क्षाराचं वजन आणि त्यातल्या नुसत्या लोहाचं वजन वेगळं असतं. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण 33 टक्के, म्हणजे 150 मिलिग्रॅमच्या गोळीत जेमतेम 50. 'एलिमेंटल' हा शब्द शोधा, तोच आकडा खरा. गोळी चहासोबत घेतली तर बरंचसं लोह वाया गेलं म्हणून समजा, आणि आपल्याकडं जेवण झालं की लगेच कप पुढं येतो, तिथंच घोळ होतो. चहा आधी-नंतर निदान तासभर लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाणी चालेल, उलट मदतच होईल. रोज घेऊन पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घ्यायचं डॉक्टरांना विचारा. एक गोळी पोटात गेली की पुढचा दिवसभर शरीर लोह कमी शोषतं, त्यामुळे दिवसाआड घेऊन फारसं नुकसान होत नाही. शी काळी झाली तर घाबरू नका. स्ट्रिप मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, लोहाच्या गोळ्यांनी मुलांना गंभीर विषबाधा होते. आणि पुरुषांनी रिपोर्ट नसताना लोह घेऊच नये, कारण जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही.

"आमचा गूळ खा की!" हे ऐकायला गोड आहे. पण फेरिटिन 10 वर आलेल्या बाईचा साठा गुळाच्या खड्याने भरत नाही. मटणातलं लोह गुळातल्यापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं. शाकाहारी घरात अळिवाचे लाडू करा, त्यासोबत आवळा किंवा लिंबू ठेवा, आणि बी-12 सुद्धा तपासून घ्या.

झिंकच्या लेबलवरही तीच गंमत. 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम' वाचून दचकू नका, त्यात झिंक साधारण 22.5 मिलिग्रॅम असतं. ग्लुकोनेटच्या 50 मिलिग्रॅममध्ये मात्र सातच. झिंक सगळं मिळून दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्महिने गेलं की तांबं कमी होतं आणि रक्तक्षय उलट्या दारानं घरात येतो. मल्टिव्हिटॅमिन आणि 'हेअर' गोळी दोन्ही चालू असतील तर बेरीज करा.

बेरीज सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए यांचीही करा, कारण हे दोन्ही जास्त झाले की केस गळतात. हो, केसांसाठीच घेतलेल्या गोळीनं. सेलेनियमची वरची मर्यादा दिवसाला 400 मायक्रोग्रॅम. अमेरिकेत 2008 मध्ये एका द्रव सप्लिमेंटमध्ये ते लेबलच्या 200 पट भरलं गेलं आणि 201 जणांना त्रास झाला. केस गळणं आणि नखं ठिसूळ होणं ही त्यातली ठळक लक्षणं होती. व्हिटॅमिन ए 10,000 आययूच्या वर नको, दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

गमी: साखर, पेक्टिन, बायोटिन आणि स्ट्रॉबेरीचा वास. लोहाची चव त्यात लपवता येत नाही म्हणून ते बहुधा नसतंच. पैसे वाचवा. कोलॅजन या प्रथिनाच्या डब्यांवरचेही.

'डीएचटी ब्लॉकर' बाटलीत सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क असतो. त्याच्यामागचा पुरावा कच्चा, आणि बाटली खरी घेतात ते टाळू उघडी पडू लागलेले पुरुष. त्यांच्या टक्कलावर सिद्ध झालेल्या गोष्टी म्हणजे मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड. दोन्ही औषधं आहेत, पूरक आहार नव्हे, तेव्हा आधी सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या) किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. माका, ब्राह्मी, आवळा असं 'प्रोप्रायटरी ब्लेंड 500 मिलिग्रॅम' म्हणून एकत्र लिहिलं असेल तर कशाचं किती, ते कळत नाही. तशी डबी परत ठेवा.

डबी उलटी केली की खाली बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल. पूरक आहारावर ती कायद्यानेच लागते. शेजारी एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) 14 अंकी परवाना क्रमांक नसेल तर डबी घेऊच नका.

राहिला प्रश्न "माझ्या मैत्रिणीला फरक पडला की!" याचा. डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन किंवा कडक डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडायला लागतात, आणि मूळ कारण गेलं की बहुतेकांचे पुढच्या सहा महिन्यांत आपोआप थांबतात. माणूस डबी घेतो ते गळती ऐन भरात असताना, आणि तिसरी डबी संपेपर्यंत ती तशीही ओसरणारच असते. श्रेय डबीला जातं. ज्यांचा भांग रुंदावतोय किंवा चाई पडली आहे त्यांनी मात्र वाट बघत बसू नये.

घ्यायचंच ठरलं तर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच खिडकीपाशी, केस कोरडे असताना भांगाचा फोटो काढा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तीन महिन्यांआधी काही दिसणार नाही. बघायचं ते कपाळाच्या कडेला: तिथं दोन-तीन सेंटिमीटरचे कोवळे केस उभे राहिलेले दिसले, तेल लावूनही चापून बसेनात, तर नवे केस यायला लागलेत.