जुन्या पिकअपचं चार्जिंग गेलंय: डायनमो रिपेअर करायचा, एक्स्चेंज घ्यायचा की नवीन टाकायचा?

ज्यांची बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ आता बरीच जुनी झालीय आणि रोज पहाटे तुर्भ्याच्या मार्केटला माल उचलायला जाते त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडे सेल्फ घेईना झाला की आधी बॅटरी बदलतात, मग थोड्या दिवसांनी नवी बॅटरी पण उतरते, मग डायनमो (अल्टरनेटर, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) खोलतात, आणि एवढा खर्च करून मूळ फॉल्ट कधीकधी तसाच राहतो. माझं मत आधीच सांगतो, कॉइल (डायनमोच्या आतली तांब्याची गुंडाळी) जळालेली नसेल तर स्वतःचा डायनमो चांगले पार्ट टाकून रिपेअर करा, कॉइल गेली असेल तर नवीन घ्या, एक्स्चेंज, म्हणजे जुना देऊन दुसरा रिपेअर केलेला घेणं, फक्त गाडी उभी ठेवणं अजिबात परवडत नसेल तेव्हा. पण यातलं काहीही ठरवायच्या आधी मीटर लावा, साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

गाडी रात्रभर बंद असताना सकाळी बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी फुल आहे, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना कोणालातरी मीटर बघायला सांगा, फुल चार्ज असूनही व्होल्टेज ९.६ च्या खाली पडलं तर बॅटरीचा दम गेलाय, डायनमोला हात लावू नका. मग गाडी चालू करून रेस थोडी वाढवली की बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. तेवढं येत नसेल तर चार्जिंग कमी पडतंय, आणि १५ च्या वर जात असेल तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलाय, असा डायनमो बॅटरी उकळवून मारतो, पाणी सारखं कमी होत असेल तर ही खूण समजा. हे झाल्यावर हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू करून परत बघा. दोन हॅलोजन हेडलाइटच साधारण १० अँपिअर खातात, वर कोणी दोन जास्तीचे फॉग लावलेत, म्युझिक, केबिनला एलईडीची माळ, आणि गाडी गायमुखला नाहीतर शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये तासभर आयडलवर उभी, तर चांगला डायनमो पण पुरा पडत नाही. तिथे डायनमो बदलून काही होणार नाही, लोड कमी करा.

बॅटरीवर व्होल्टेज कमी दिसलं म्हणून डायनमोच गेला असं धरू नका, कारण मधे वायर आहे आणि अर्थिंग आहे, म्हणजे इंजिन-चासीमधून बॅटरीच्या मायनसला परत येणारी वाट. कळव्याला खाडीच्या बाजूला उभी राहणारी एक भाजीची पिकअप मी बघितली, बॅटरी नवी, डायनमो पण बदललेला, तरी लाइट पिवळे आणि सकाळी धक्का स्टार्ट. डायनमोच्या जाड वायरच्या नटवर एक टोक आणि डायनमोच्या बॉडीवर दुसरं टोक ठेवलं तर १४.३, आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलवर फक्त १३. म्हणजे १.३ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. डायनमोच्या नटपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजलं तर ०.२, ठीक आहे. डायनमोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं तर १.१! इंजिनवरून चासीला येणारी अर्थिंगची जाळीची पट्टी वरून चांगली दिसत होती, पण बोल्ट काढला तर खाली रंग मारलेला, त्याच्यावर गंज, आणि टोकाच्या लगजवळ (बोल्ट बसतो त्या कडीजवळ) अर्ध्या तारा हिरव्या होऊन तुटलेल्या. पॉलिश पेपर मारून नवी पट्टी टाकली, वरून ग्रीस लावलं, बॅटरीवर १४ च्या वर आले. हे मुद्दाम एवढं सांगतोय कारण खाडीची दमट खारी हवा आणि पावसाळ्यातलं साचलेलं पाणी यामुळे ठाणे-नवी मुंबईच्या गाड्यांना हा फॉल्ट फार होतो, आणि पट्टीचा खर्च डायनमोच्या तुलनेत काहीच नाही. लोड चालू ठेवून मोजायचं, मायनसच्या बाजूला ०.२ च्या वर दिसलं तर आधी अर्थिंग.

अजून दोन गोष्टी फुकटात बघून होतात. बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय का, गाडी स्टार्ट केल्या केल्या चीं आवाज येतो का. आणि चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरची बॅटरीची लाल लाइट लागते का, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनमोला पहिला करंट त्या बल्बमधूनच जातो, बल्ब उडाला असेल तर डायनमो चांगला असून उठत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "बघ गाडी चालू राहते म्हणजे डायनमो ओके" असं कोणी करत असेल तर करू देऊ नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला चालायला बहुतेक वेळा करंट लागतच नाही, त्यामुळे त्यातून कळत काही नाही, उलट टर्मिनल निघाल्यावर व्होल्टेज एकदम उसळून चांगला डायोड (डायनमोतला एसी करंट डीसी करणारा पार्ट) किंवा कटआउट उडतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत तर त्याहून मोठं नुकसान.

आता डायनमोच खराब आहे हे नक्की झालं असं धरू.

रिपेअर. जुन्या डायनमोमध्ये जास्त करून जातं काय तर कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजतात, कटआउट जातो, बेरिंग वाजायला लागतं, डायोड प्लेट जाते. डायोड गेला की कधी गाडी बंद असताना पण बॅटरी रात्रीत उतरते, मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर डायोडवर संशय घ्या. ह्या चारही गोष्टी वेगवेगळ्या मिळतात, कॉइल आणि आर्मेचर (आत फिरणारा भाग) चांगलं असेल तर हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग, कारण बॉडी, पुली, फिटिंग तुमच्याच गाडीचं राहतं. फक्त वायरमनसमोर उभे राहून पार्टचं पाकीट बघा, बेरिंग स्वतः सांगून चांगल्या कंपनीचं टाका, आणि स्लिप रिंगवर (कार्बन घासतात त्या कड्यांवर) खोल चर पडली असेल तर नुसते नवीन कार्बन टिकणार नाहीत. कॉइल काळी पडून जळका वास येत असेल तर वाइंडिंग करून देतो म्हणतील, ते मला पटत नाही, तार आणि वार्निश कोणतं वापरलं ते वरून कळत नाही आणि इंजिनच्या गरमीत परत जळतं.

रिपेअर करताना एक जागा बघाच. बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपना डायनमोच्या पाठीमागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप (ब्रेक पेडल हलकं ठेवणारा) असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. सील लीक झालं की ऑइल आत उतरतं, कार्बन चिकट होतात, चार्जिंग कधी येतं कधी जातं. अशा डायनमोला सील न बदलता कार्बन टाकून दिले तर थोड्या दिवसांत पुन्हा तीच तक्रार.

एक्स्चेंज. जुना द्या, वर पैसे द्या, तासाभरात रिकंडिशन डायनमो बसवून निघा. सकाळची ट्रिप चुकली तर गिऱ्हाईक तुटतं हे मला माहीत आहे, त्यामुळे वेळेसाठी हा पर्याय घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण तुमचा ओरिजिनल जातो आणि बदल्यात येतो त्याच्या आत काय आहे ते रंग मारलेल्या बॉडीवरून दिसत नाही. घेताना बसवण्याआधी बेंचवर फिरवून चार्जिंग दाखवायला सांगा, पुलीचे गाळे आणि पंपाची नळी तुमच्या गाडीचीच आहे का बघा, आणि गॅरंटी बिलावर तारखेसकट लिहून घ्या. भंगारातून काढलेला तर नकोच, पंपासकट तर बिलकुल नको.

नवीन. सगळ्यात महाग, पण कॉइल गेली असेल, बॉडीला तडा असेल, किंवा पावसात डायनमो पाण्याखाली जाऊन आतून गंजला असेल तर तीन-चार पार्ट मिळून होणारा खर्च बघता नवीनच परवडतो. गाडी अजून तीन-चार वर्षं ठेवायची असेल तर अधिकृत डीलरकडून बिल घेऊन घ्या, लुकास टीव्हीएस किंवा गाडीला जो मूळ आला होता तोच, पार्ट नंबर जुन्यावरच्या पट्टीशी जुळवून. बिनबिलाचा स्वस्त नवीन घेण्यापेक्षा स्वतःचा रिपेअर केलेला कधीही चांगला. जास्त अँपिअरचा टाकणार असाल तर बॅटरीपर्यंतची वायर पण तेवढी जाड टाकावी लागेल, नाहीतर वायर तापते. आणि वर्षभरात गाडी विकायचीच असेल तर नवीनवर पैसे घालू नका, कार्बन-बेरिंग-कटआउट करून चालवा.

कोणताही पर्याय घ्या, बसवण्याआधी उतरलेली बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, रिकामी बॅटरी भरायला लावली तर नव्या डायनमोवर पहिल्याच दिवशी सगळा लोड येतो. पैसे द्यायच्या आधी गाडी अर्धा तास फिरवून गरम झाल्यावर हेडलाइट लावून परत मीटर बघा, इंजिन थंड असताना १४.२ दाखवणारा डायनमो गरम झाल्यावर १३ वर आलेला मी बघितलाय. आणि पंपवाला डायनमो असेल तर गॅरेजच्या दारातच इंजिन चालू ठेवून ब्रेक तीन-चार वेळा दाबा, पेडल कडक लागलं तर नळी किंवा पंप नीट बसलेला नाही, गाडी रस्त्यावर काढू नका.