वाळलेल्या गवताचा नमुना काढणारी नळी : नागपुरात घडवून घेतलेल्या साधनाचे परीक्षण

घोड्यांसाठी विकत घेतलेले वाळलेले गवत प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे, तर पहिली अडचण शुल्काची नसून नमुन्याची असते. त्यासाठी लागणारी पोकळ नळी नागपूरच्या बाजारात तयार मिळाली नाही, म्हणून ती हिंगणा एमआयडीसीतील एका छोट्या लेथ वर्कशॉपमध्ये करवून घेतली. पूर्ण हंगामभर ती वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. मशीनने बांधलेल्या घट्ट गठ्ठ्यांसाठी हे साधन उत्तम आहे. त्यात एक खरी उणीव आहे, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हाताने उपसलेल्या मूठभर गवतावर विसंबता येत नाही, याचे कारण लसूणघासात सर्वांत स्पष्ट दिसते. वाळलेल्या लसूणघासाची पाने इतकी ठिसूळ असतात की मूठ ओढताक्षणी ती चुरून खाली पडतात आणि हातात मुख्यतः काड्या उरतात. प्रथिनांचा मोठा वाटा मात्र पानांतच असतो. अशा नमुन्याचा अहवाल गवताला आहे त्यापेक्षा निकृष्ट ठरवतो, आणि मग मालक गरज नसताना खुराक वाढवतो. चारशे किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो. त्या चाऱ्याविषयीचा अंदाज चुकला, तर चाऱ्याच्या जोडीला दिलेल्या मूठभर दाण्यांचा हिशेब कितीही चोख असला तरी उपयोग होत नाही.

शोधाची सुरुवात इतवारीतील लोहाओळीपासून केली. तिथे धान्याच्या पोत्यात खुपसायची परखी सहज मिळते आणि कळमन्याच्या बाजारात व्यापारी तिच्याच भरवशावर मालाचा भाव ठरवतात, परंतु गवतासाठी ती कुचकामी आहे. धान्याचे दाणे परखीच्या खाचेत आपोआप ओघळतात. गवताची काडी ओघळत नाही, ती कापावीच लागते. परदेशात ‘पेन स्टेट फोरेज सॅम्पलर’ हे पोलादी साधन फार पूर्वीपासून प्रचलित आहे आणि ते ड्रिलला जोडून चालवता येते, पण वाहतूक व सीमाशुल्क मिळून एका तबेल्यासाठी तो खर्च डोईजड होतो. तिकडचे काही घोडेमालक जुन्या गोल्फच्या काठीची पोलादी नळी कापूनही काम भागवतात. त्या युक्तीतली एक गोष्ट घेण्यासारखी वाटली : ती नळी टोकाकडे निमुळती असते, त्यामुळे आत शिरलेले गवत पुढे मोकळ्या जागेत सरकते आणि अडकून बसत नाही.

तेच तत्त्व टर्नरला समजावून सांगितले. त्यांनी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा, बाहेरून १९ आणि आतून १६ मिलिमीटर व्यासाचा, साठ सेंटिमीटर लांबीचा पाइप घेतला. त्याच्या एका टोकाला आटे पाडून वेगळी टोपी बसवली आणि तिचा आतला व्यास १५ मिलिमीटर ठेवला. टोपीची धार फक्त बाहेरच्या बाजूने तासलेली आहे, आणि कडेवर कानशीने बारीक दात पाडले आहेत. धार आतून तासली असती, तर गवत कापले जाण्याऐवजी आत चेपले गेले असते. दुसऱ्या टोकाला ड्रिलमध्ये धरण्यासाठी षटकोनी दांडा असलेला गट्टू आहे, आणि तो आडव्या पिनने अडकवलेला असल्यामुळे चटकन निघतो. सोबत नमुना बाहेर ढकलण्यासाठी एक गुळगुळीत लाकडी दांडकेही मिळाले. या टर्नरनी प्रत्येक मापाचे कारण विचारून घेतले आणि स्वतःहून नळीच्या आतल्या बाजूला पॉलिश केले, याचा उल्लेख आवर्जून करायला हवा. कारण आतली बाजू खरबरीत राहिली असती, तर निम्मा नमुना तिलाच चिकटून राहिला असता.

नळी कुठून खुपसायची, यावरही बरेच अवलंबून असते. गठ्ठा बांधणाऱ्या यंत्राचा दट्ट्या प्रत्येक ठोक्याला गवताचा एकेक थर दाबत जातो, आणि हे थर गठ्ठ्याच्या लांबीवर पुस्तकाच्या पानांसारखे उभे राहतात. म्हणून नळी लहान तोंडाच्या मध्यभागी सरळ काटकोनात घातली, तरच ती अनेक थरांतून आरपार जाते. लांब बाजूने घातली तर एकदोन थरांचाच नमुना मिळतो. एकाच शेतातल्या, एकाच कापणीच्या मालातून वीस गठ्ठे कोणतीही निवड न करता घ्यावेत आणि प्रत्येकातून एकदा नमुना काढावा, अशी सर्वमान्य पद्धत आहे. पंचेचाळीस सेंटिमीटर खोल गेल्यावर या नळीत साधारण १५ ग्रॅम गवत येते, म्हणजे वीस गठ्ठ्यांचे सुमारे ३०० ग्रॅम होते. प्रयोगशाळेला साधारण २०० ग्रॅम पुरतात, तरीही जमलेला सगळा नमुना हवाबंद पिशवीत पाठवावा; वाटे करताना चुरा तळाशी बसतो आणि पुन्हा तोच पानांचा घोळ होतो. मोतद्दाराला हे काम एकदा दाखवल्यावर तो ते नीट करू लागला, इतके ते सोपे आहे.

ड्रिल मात्र संथ गतीनेच चालवावे लागते. वेग वाढवला की टोपी तापते, गवत करपते आणि प्रथिनांचे व तंतूंचे आकडे बिघडतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेली नळी आधीच हाताला चटका देते, त्यामुळे हे काम सकाळी सावलीत करणे चांगले.

आता उणीव. ३०४ दर्जाच्या स्टीलला तापवून पाणी देऊन कठीण करता येत नाही, त्यामुळे धार लवकर बोथट होते. बोथट धार काड्या कापण्याऐवजी त्यांना पुढे रेटते, आणि नळीत येणाऱ्या गवताचे वजन कमी झालेले हाताला जाणवते. टोपी वेगळी असल्याने ती काढून पुन्हा कानस लावता येते, पण नव्याने करवून घेणाऱ्यांनी पाइप हाच ठेवून टोपी तेवढी ४२० दर्जाच्या, पाणी देता येणाऱ्या स्टीलची मागावी. दुसरी मर्यादा साधनाच्या स्वरूपातच आहे : मारवेल किंवा पवन्याच्या हाताने बांधलेल्या सैल पेंढ्यांत आणि मोकळ्या गंजीत नळी चालत नाही, कारण दाबाखाली नसलेले गवत धारेपुढून बाजूला सरते. तिथे गंजीच्या वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळ्या खोलीवरून, गवत न ओढता कात्रीने कापून घेणेच बरे.

पाइप, मजुरी आणि पॉलिश मिळून खर्च दीड हजार रुपयांच्या आत आला. काम सांगितलेल्या दिवसापेक्षा उशिरा हाती पडले, पण मापे अचूक होती. नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला एक प्रश्न अवश्य विचारावा : पाण्यात विरघळणारी साखर आणि स्टार्च तपासता का? नेहमीच्या तपासणीत प्रथिने, तंतू, स्निग्धांश आणि राख कळते, साखर कळत नाही. ज्या घोड्याला लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या भागाचा वेदनादायक दाह) होऊन गेला आहे, त्याच्यासाठी साखर व स्टार्च मिळून कोरड्या वजनाच्या दहा ते बारा टक्क्यांच्या आत असलेले गवत सुचवले जाते, आणि हा आकडा गवताचा रंग किंवा वास पाहून कोणालाही सांगता येत नाही. असा घोडा ज्यांच्या ठाणावर आहे, त्यांनी पुढच्या गवताचा सौदा करण्याआधी ही नळी करवून घ्यावी.